वस्तीवर जाऊन रक्ताचे नमुने घेताना : नव्या संशोधकांसाठी

ऊसतोड टोळीच्या तळावर चाळीस जणांचं रक्त काढायला हात बसलेल्या तंत्रज्ञाला एक संध्याकाळ पुरते. मुकादमाने हाक मारली की कोप्यांतून, म्हणजे तळावरच्या झोपड्यांतून, माणसं बाहेर येतात, ओळीत उभी राहतात, बाह्या वर करतात. कुणी काही विचारत नाही. नवा संशोधक खूश होऊन परततो, कारण एकानेही नकार दिला नाही.

चाळीसपैकी एकानेही नकार दिला नाही, तर तिथे नकार देण्याची सोय नव्हती असं समजा. या माणसांनी हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत कोयता थांबवता येत नाही, आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्याने रांगेत बोलावल्यावर मागे राहताही येत नाही. सातारा-सांगलीत संशोधनासाठी ज्या समाजांकडे जाणं होतं, त्या सगळ्यांच्या डोक्यावर असं कुणीतरी बसलेलं असतं. ऊसतोड कामगारांवर मुकादम, पारध्यांवर पोलीस पाटील, कातकऱ्यांवर वीटभट्टीचा मालक, आश्रमशाळेतल्या मुलांवर मुख्याध्यापक. म्हणून प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न स्वतःला विचारायचा : हा माणूस आत्ता ‘नाही’ म्हणाला तर त्याचं काय जाईल? उत्तर ‘काहीच नाही’ असं येईपर्यंत सुई पिशवीतून बाहेर काढू नका.

हेच लोक का, आणि किती रक्त

समजा, उन्हात राबणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मूत्रपिंडांवर काय परिणाम होतो, हे तुम्हाला पाहायचं आहे. प्रश्न रास्त आहे. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये उसाच्या फडात काम करणाऱ्या तरुण पुरुषांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. या अभ्यासासाठी ऊसतोड कामगारच लागतील. पण नवं तपासणी किट नीट चालतं का एवढंच पाहायचं असेल, तर ते शहरातल्या कुणावरही पाहता येतं. टोळी एकाच जागी सापडते, नकार देत नाही, स्वस्तात काम होतं, एवढ्या कारणावर तळावर जाऊ नये.

मग मिलिलिटरचा हिशेब कागदावर मांडा. क्रिएटिनिनसाठी (मूत्रपिंडाचं काम यावरून कळतं) सीरमची, म्हणजे रक्त साकळल्यावर वर उरणाऱ्या पाण्याची, ३ मिलि नळी, हिमोग्लोबिन आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) दोन्हींसाठी जांभळ्या टोपणाची २ मिलि ईडीटीए नळी (यातलं रसायन रक्त साकळू देत नाही), साखरेसाठी राखाडी टोपणाची २ मिलि. एकूण ७ मिलि, म्हणजे चहाच्या दीड चमच्याहून थोडं कमी. ‘पुढे कधी लागलीच तर असू दे’ म्हणून चौथी नळी भरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ती नळी हवीच असेल तर प्रस्तावात लिहा, संमतीपत्रात वेगळी विचारा, नाहीतर भरू नका.

वेळेचाही विचार इथेच करावा. टोळी पहाटे तीन-चारला फडाकडे निघते, त्यामुळे उपाशीपोटीचा नमुना मागणं म्हणजे माणसाला उपाशी फडात पाठवणं किंवा त्याचा रोज बुडवणं. त्याऐवजी एचबीएवनसी घेता येतं, पण रक्तक्षय असेल तर तो आकडा फसवा येतो आणि फडातल्या बायकांमध्ये रक्तक्षय असतोच, म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहिलंच पाहिजे. क्रिएटिनिनसुद्धा दिवसभर उन्हात राबल्यावर वाढलेलं दिसतं. कामाआधीचा आणि कामानंतरचा नमुना एकाच तक्त्यात मिसळला, तर लोकांनी दिलेलं रक्त फुकट गेलं.

मंजुरी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आधी पूर्ण वाचा, विशेषतः असुरक्षित गटांवरचा आणि जैविक नमुन्यांच्या साठवणुकीवरचा भाग. प्रस्ताव नोंदणीकृत नैतिक समितीपुढे जातो. तुमच्या संस्थेची स्वतःची समिती नसेल, तर दुसऱ्या संस्थेशी लेखी करार करून तिच्या समितीकडे जाता येतं. समितीत सात ते पंधरा सदस्य असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. त्या समाजातली व्यक्ती चर्चेला निमंत्रित म्हणून बोलवा, अशी विनंती प्रस्तावासोबतच करा. समितीतल्या डॉक्टरांना जे सुचत नाही ते ती व्यक्ती दोन मिनिटांत सांगते. परदेशी संस्थेचा पैसा किंवा सहभाग असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते, आणि नमुना देशाबाहेर जाणार असेल तर हस्तांतरणाचा करार. हे सगळं व्हायला काही महिने जातात. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, तेव्हा प्रस्ताव पावसाळ्याच्या सुरुवातीलाच गेलेला बरा.

पहिली भेट रिकाम्या हाताने

पहिल्या दोन भेटींत किट न्यायचं नाही, ॲप्रन घालायचा नाही, यादी करायची नाही. फक्त बसायचं आणि ऐकायचं. आधी कोण येऊन गेलं, काय घेऊन गेलं, परत काय आलं, हे विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल : ‘रगात नेलं, पुन्हा कुणी आलं न्हाई.’

प्रत्येक समाजाच्या भीतीला स्वतःचा इतिहास आहे आणि तो माहीत नसताना जाणं हा उद्धटपणा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या दुरुस्त कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारध्याच्या पालासमोर शाईचं पॅड उघडलं की आजही वातावरण बदलतं. तुम्हाला जी साधी सही वाटते, ती त्यांना पोलीस ठाण्यातली नोंद वाटते. अशा वेळी साक्षीदारासमोर तोंडी संमती घेण्याची मुभा नैतिक समितीकडून आधीच मागून घ्यावी. मार्गदर्शक तत्त्वांत त्याला जागा आहे.

ऊसतोड महिलांचं दुखणं वेगळं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारने चौकशी समिती नेमली. त्याच बायका कोयता घेऊन सांगलीच्या आणि साताऱ्याच्या फडात येतात. ‘पिशवीची तपासणी’ हा शब्द काढला तरी त्या उठून जातील, आणि त्यांचं बरोबर आहे.

केस, नखं आणि रक्त बाहेर गेलं तर करणी होते, अशी भीती बऱ्याच वस्त्यांत आहे. दाभोलकरांच्या साताऱ्यात वाढलेल्या तरुण संशोधकाला तिथेच प्रबोधन सुरू करावंसं वाटेल. ते काम मोलाचं आहे, पण ते या भेटीत करायचं नाही. ज्याला रक्त द्यायची भीती वाटते त्याच्याकडून रक्त घ्यायचं नाही, इतकं साधं आहे.

परवानगीची उतरंडही समजून घ्या. सरपंचाचं पत्र म्हणजे गावात शिरायची परवानगी, रक्त घ्यायची नव्हे. त्यातही वस्ती गावाबाहेर असेल तर सरपंच त्या वस्तीचा असेलच असं नाही. जातपंचायतीचा होकार माणसावर दबाव म्हणूनच काम करतो. नवऱ्याचा होकार बायकोला लागू होत नाही. सांगली-मिरजेत वेश्याव्यवसायातल्या महिलांकडे जायचं असेल, तर संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांच्यासारख्या संघटना तिथे आधीपासून आहेत. प्रस्ताव पक्का व्हायच्या आधी, बदलता येण्याजोगा असताना तो त्यांच्यापुढे ठेवा. एचआयव्हीची चाचणी असेल तर २०१७ च्या कायद्यानुसार माहितीपूर्ण संमती आणि गुप्तता बंधनकारक आहे.

‘शिबिर’ म्हणू नका

आपल्याकडे आरोग्याचं काहीही असलं की त्याला शिबिर म्हणायची सवय आहे. लोकांना शिबिर म्हणजे डॉक्टर तपासणार, गोळ्या देणार, फुकट. तुम्ही संशोधनासाठी जाऊन फलक ‘मोफत आरोग्य शिबिर’ असा लावलात, तर पुढची सगळी संमती फसवणुकीवर उभी राहते, संमतीपत्र कितीही सुंदर असो.

‘जैविक नमुना’, ‘सहभागी’, ‘गोपनीयता’ हे शब्द वस्तीवर कुणाला कळत नाहीत. बोलायचं असं :

‘मावशी, हे दवाखान्याचं शिबिर नाही. उन्हात काम करून किडनीला त्रास होतो का, ते आम्ही शिकतोय. त्यासाठी दीड चमच्याहून कमी रक्त लागतं. त्याने तुमचा आजार बरा होणार नाही. तपासणीत काय निघालं ते दोन आठवड्यांत तुम्हाला एकटीला सांगू. नाही दिलं तरी चालतंय. मुकादमाला आम्ही कोण आलं, कोण नाही, ते सांगणार नाही.’

चमचा नुसता बोलू नका, दाखवा. स्वच्छ रिकाम्या नळ्यांत मिळून ७ मिलि पाणी भरा आणि ते मावशीच्याच घरातल्या चहाच्या चमच्यात ओता. एक चमचा भरतो आणि दुसरा अर्ध्याच्या आसपास राहतो. ‘बाटली भरून रगात नेत्यात’ ही अफवा त्या चमच्याने जितकी शमते तितकी कुठल्याही पत्रकाने शमत नाही.

मराठी सगळ्यांची घरची भाषा नसते. जत तालुक्यात कन्नड, बंजारा टोळीत गोरमाटी, कैकाडी, वडार आणि पारधी समाजांच्या आपापल्या बोली. दुभाषा त्याच समाजातला, पण मुकादमाचा नातेवाईक नसलेला शोधा. त्याला आधी संपूर्ण माहितीपत्र समजावून द्या आणि त्याने त्याच्या बोलीत सांगितलेलं दुसऱ्याकडून पुन्हा मराठीत सांगून घ्या. ‘संशोधन’चं ‘इलाज’ झालेलं तिथे सापडतं.

संमती

माहिती द्यायचा दिवस आणि रक्त घ्यायचा दिवस वेगळा ठेवा. मध्ये निदान एक रात्र जाऊ द्या, घरात बोलू द्या. दुसऱ्या दिवशी जी माणसं येत नाहीत त्यांच्या मागे लागू नका, हाक मारायलाही जाऊ नका. न येणं हाच बऱ्याच जणांचा नकार असतो; तोंडावर ‘नाही’ म्हणायची सवय त्यांना कुणी लागू दिलेली नाही.

मग एकेकाशी आडोशाला बोला आणि समजलंय का ते उलट विचारून पाहा : रक्त कशासाठी घेतोय? नाही दिलं तर काय होईल? नंतर मन बदललं तर काय करायचं? दुसऱ्या प्रश्नाला ‘मुकादम रागावंल’ असं उत्तर आलं, तर त्या व्यक्तीचं रक्त त्या दिवशी घेऊ नये, सही केली असली तरीही.

ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार लागतो. तो पूर्ण बोलणं होईपर्यंत हजर असला पाहिजे. शेवटी बोलावून सही घेतलेला साक्षीदार खोटा. प्रकल्पाचा कर्मचारी, मुकादम, कारखान्याचा चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा), यांतलं कुणी चालत नाही. साखरशाळेतली (ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेतली) शिक्षिका किंवा दुसऱ्या गावची आशाताई चालू शकते.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती हवी आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. आश्रमशाळेचे मुख्याध्यापक किंवा वसतिगृहाचे अधीक्षक पालकांच्या जागी सही करू शकत नाहीत. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देताना वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्या. तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक अहवाल दिला. इथे पालक फडात असतात, संध्याकाळी उशिरा भेटतात. त्यांची वाट पाहायची.

साठवणुकीची संमती एकाच ओळीत गुंडाळू नका. वेगवेगळे प्रश्न, प्रत्येकापुढे हो-नाही : या अभ्यासानंतर रक्त ठेवायचं का? ठेवलं तर फक्त किडनीच्याच अभ्यासाला वापरायचं का? दुसऱ्या आजारासाठी वापरण्याआधी तुम्हाला विचारायचं का? दुसऱ्या संस्थेला, परदेशात द्यायचं का? अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. विद्यापीठातल्या संशोधकांनी तेच रक्त स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातले विवाह आणि जमात मुळात कुठून आली, अशा विषयांसाठी वापरलं. शेवटच्या विषयाने तर त्यांच्या उत्पत्तिकथेलाच धक्का दिला. २०१० मध्ये विद्यापीठाला सात लाख डॉलर देऊन आणि उरलेले नमुने परत करून तडजोड करावी लागली. नैवेद्याला म्हणून मागून नेलेलं दूध दुसरीकडे विकल्यावर जे वाटेल, तेच तिथे लोकांना वाटलं.

संमतीपत्राची प्रत हातात द्यायचा नियम आहे. पण पालात ती ठेवायची कुठे? पाऊस आहे, चूल आहे, शेजारी मुकादम आहे. एचआयव्हीच्या अभ्यासाचा कागद कोपीत सापडला तर त्या बाईचं जगणं कठीण होईल. म्हणून आजाराचं नाव नसलेलं, संपर्काचा नंबर आणि सांकेतिक क्रमांक असलेलं छोटं प्लास्टिकमधलं कार्ड तयार ठेवा. कागद हवा की कार्ड, की काहीच नको, ते त्यांना ठरवू द्या.

पैशांबद्दल : बुडालेल्या वेळेची भरपाई द्यावी, इनाम देऊ नये. रक्कम समिती ठरवते, आणि ती थेट त्या माणसाच्या हातात द्यायची. मुकादमाकडे दिलेली रक्कम उचलीत वळती होते. जोडीला, म्हणजे ‘एका कोयत्याला’, मिळून पैसे देऊ नका. नवरा आणि बायको ही दोन माणसं आहेत.

सुई

ज्या हाताने कोयता चालतो त्या हाताला टोचू नका. माणसाला बसवा, जमल्यास आडवं करा. पहाटेपासून राबलेलं, अर्धपोटी माणूस रक्त पाहून चक्कर येऊन पडतं. गूळ-शेंगदाणे आणि पाणी जवळ ठेवा. पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवू नका. नळ्यांचा क्रम : आधी सीरम, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळी आधी भरली तर तिच्यातलं रसायन पुढच्या नळीत जाऊन पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. जांभळी नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटी करा, हलवू नका. टोचल्या जागेवर पाच मिनिटं कापूस दाबून धरायला सांगा, आणि त्या संध्याकाळी मोळी उचलू नका म्हणून बजावा.

दोनदा टोचूनही रक्त मिळालं नाही तर थांबायचं. तिसऱ्यांदा टोचायचं नाही, भरपाई मात्र पूर्ण द्यायची.

सुया मोजून न्या आणि मोजून आणा. ४० नेल्या तर वापरलेल्या आणि कोऱ्या मिळून ४० परत. वापरलेली सुई टोपणात घालू नका, ती थेट न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते. तळावरची पोरं उघड्यावर खेळतात आणि काही वस्त्यांत ती भंगार वेचतात. मागे राहिलेली एक सुई तुमच्या सगळ्या अभ्यासापेक्षा भारी पडेल.

लेबल, बर्फ, रस्ता

नळीवर फक्त सांकेतिक क्रमांक. नाव नाही, जात नाही, गाव नाही. क्रमांक आणि नावाची सांगड घालणारी वही वेगळ्या कुलपात, दोघांपेक्षा जास्त जणांकडे किल्ली नको. आणि क्रमांकातच ‘पार’ किंवा ‘कात’ अशी अक्षरं घालून जात लिहू नका. सोयीचं म्हणून हे फार वेळा होतं.

सीरमची नळी अर्धा तास उभी ठेवून रक्त साकळू द्या, मग थंड पेटीत. २ ते ८ अंश. गोठलेल्या बर्फाच्या पॅकला नळी चिकटली तर रक्तपेशी फुटतात, म्हणून मध्ये पुठ्ठा किंवा जाड कापड घाला. मोटारसायकलच्या हँडलला पेटी लटकवून पाटणच्या घाटातून उतरलात तरी पेशी फुटतात. राखाडी नळी वापरली नाही, तर ठेवलेल्या रक्तातली साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. बोटाचं रक्त गाळणकागदावर घेत असाल तर तो आडवा, सावलीत, किमान तीन-चार तास सुकवावा. महाबळेश्वर-जावळीच्या पावसात रात्रभर ठेवूनही दमट राहतो, तिथे पावसाळा टाळलेलाच बरा. हे सगळं तांत्रिक वाटेल, पण नमुना नासला तर तुम्ही एका रक्तक्षयी बाईला विनाकारण टोचलंत, आणि आता दुसऱ्यांदा टोचायला जाणार आहात.

निकाल हंगाम संपायच्या आत

सगळ्यात जास्त इथे चुकतं. मार्चमध्ये नमुने घेतले, एप्रिलमध्ये निकाल आले, आणि तळावर फक्त चुलीचे दगड उरलेत. टोळी बीडला, आटपाडीला, जतला गेली. फोन बंद. म्हणून नमुने जानेवारीच्या आत घ्या आणि निकाल द्यायची तारीख प्रस्तावातच लिहा. गावाकडच्या एका माणसाचा नंबर मागून ठेवा, पण तो कुणाचा हे त्या बाईने ठरवायचं.

हिमोग्लोबिन त्याच संध्याकाळी छोट्या यंत्रावर कळतं, ते तिथेच सांगा. गरोदर बाईचं ७ च्या खाली किंवा इतर बाईचं ८ च्या खाली असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. कुठल्या रुग्णालयात न्यायचं, गाडीचे पैसे कोण देणार, तिचा खाडा पडला तर ती रक्कम कुठून येणार, हे अंदाजपत्रकात आधीच हवं. ते नसेल तर तुम्ही आजार शोधून काढून माणसाला त्याच्यासोबत सोडून येताय.

निकाल एकेकाला, आडोशाला. सिकलसेलसारखी आनुवंशिक चाचणी असेल तर ‘वाहक म्हणजे आजारी नव्हे’ हे वाक्य तीनदा सांगा, कारण वस्तीवर चार लोकांना कळलं की त्या घरच्या पोरीचं लग्न अडतं. घरातल्या सगळ्यांचे जनुकीय नमुने घेतले तर बाप वेगळा असल्याचं उघड होऊ शकतं. ते कुणालाही सांगितलं जाणार नाही, असं संमती घेतानाच ठरवून ठेवा.

लेख लिहिताना चौदा घरांच्या वस्तीचं नाव, जात आणि ‘३५ वर्षांची स्त्री’ एकत्र आलं की ती कोण हे सगळ्या तालुक्याला कळतं. गावाऐवजी जिल्हा लिहा, पाचपेक्षा कमी माणसांचे गट तक्त्यात वेगळे दाखवू नका. ‘अमुक जातीत हा आजार’ असा मथळा वर्तमानपत्रात येईल असं वाक्य सारांशात ठेवू नका. तो मथळा त्या जातीतल्या रक्त न दिलेल्या माणसांनाही चिकटतो.

उरलेलं रक्त

२०१७ च्या तत्त्वांप्रमाणे नमुना देणाऱ्याचाच राहतो, संस्था फक्त राखणदार. कुणी फोन करून ‘माझं रक्त टाकून द्या’ म्हणालं तर कारण विचारायचं नाही. वहीतून क्रमांक काढायचा, नळी नष्ट करायची, तारीख-सहीने नोंद करायची आणि त्यांना कळवायचं. नाव आणि क्रमांकाची सांगड एकदा कायमची तोडली की हे शक्य राहत नाही, म्हणून ती केव्हा तोडणार ते संमतीच्या वेळीच सांगा. ठेवण्याची मुदत संपली की उरलेले नमुने जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे नष्ट करा.

पुढच्या हंगामात टोळ्या आल्या की पहिल्याच आठवड्यात तळावर जा, या वेळीही रिकाम्या हाताने. मागच्या वर्षीच्या रक्तातून काय कळलं ते पंधरा मिनिटांत, आकडे टाळून, सगळ्यांना सांगा. ज्यांनी दिलं नव्हतं त्यांनाही बसवा.